नंतरच्या नंतर

टाचणी माझ्या पायात घुसली होती आणि मला पत्ताच नव्हता.

सकाळचे अकरा वाजले असतील. मी कटिंगच्या टेबलावर पांढऱ्या कापडाचे थर लावत होते. नर्सेसच्या गणवेशाची ऑर्डर होती, चाळीस थर, त्यातले तेहेतीस झाले होते. काज-बटणं करणारी आमची काजवाली दारातून आत आली आणि ओरडली, "मास्तर, अहो हे काय!" मला वाटलं कापड तिरकं गेलं, म्हणून मी आधी कापडच बघितलं. मग खाली बघितलं. टेबलाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत फरशीवर लाल ठिपके पडले होते. मी चालले होते तसे तसे.

कापड मळू नये म्हणून आम्ही त्या खोलीत अनवाणी असतो. डाव्या अंगठ्याच्या खाली टाचणी थेट डोक्यापर्यंत आत गेली होती. काजवालीने खाली बसून ती उपसली, तेव्हा कळवळली ती; मी नुसती बघत राहिले.

"दुखत नाही?"

"नाही."

"अजिबात?"

"एकदा सांगितलं ना नाही म्हणून! बहिरी झालीस का?"

मी घाबरले की खेकसते. कारखान्यात हे सगळ्यांना माहीत आहे, त्यामुळे काजवाली रागावली नाही. तिने पाय धुऊन पट्टी बांधली आणि फरशी पुसून घेतली. मी उरलेले सात थर लावले. हात नेहमीसारखे चालत होते, पण डोळ्यांसमोर माझ्या थोरल्या बहिणीचा पाय होता. तिचंही असंच झालं होतं. आधी लागलेलं कळेना, मग फोड, मग जखम भरेना, मग अंगठा गेला. ती बिचारी घरी बसून होती. मी दिवसाचे आठ तास उभी राहून कापड कापते, आणि मला दुसरं काही येत नाही.

साखर परत आली होती, हे मला कुणी सांगायची गरज नव्हती. कशामुळे आली, तेही कुणी सांगायला नको होतं.

चार वर्षांपूर्वी माझं वजन एकशे एकतीस किलो होतं. साखरेच्या गोळ्या दिवसाला चार, गुडघे करकरणारे, जिना दिसला की मी मागे फिरायचे. मग मी पोटाचं ऑपरेशन करून घेतलं. जठराचा बराचसा भाग काढून टाकतात आणि केळ्याएवढं पोट उरतं. दीड वर्षात मी चौऱ्याहत्तरवर आले. गोळ्या बंद झाल्या. मी जिने चढले, बसच्या मागे पळाले आणि बस पकडलीसुद्धा. दवाखान्याने माझे दोन फोटो शेजारी शेजारी मोठे करून बाहेरच्या भिंतीवर लावले. एकाखाली लिहिलं 'आधी' आणि दुसऱ्याखाली 'नंतर'. मी तेव्हा हुरळून गेले होते, खोटं कशाला बोलू.

त्याच हुरळण्यात मी एक काम केलं. शिवणकामात शिवणीच्या आत जास्तीचं कापड ठेवतात, त्याला माया म्हणतात. माणूस वाढलं की शिवण उसवायची आणि माया बाहेर काढायची, कपडा पुन्हा अंगात येतो. हाताखाली येणाऱ्या प्रत्येकीला मी पहिल्या दिवशी हेच सांगते, कात्री धरायला शिकण्याआधी माया ठेवायला शिक. आणि मी, तेवीस वर्षांची कटिंग मास्तर, माझे सगळे कपडे उसवून चौऱ्याहत्तर किलोला बेतले आणि आतली माया सरसकट कापून टाकली. बोटभरसुद्धा ठेवली नाही. म्हटलं, आता पुन्हा वाढायचंच नाही तर कापड कशाला? ते तुकडे एका पिशवीत भरून मी स्वतः कचऱ्यात टाकून आले, आणि येताना गाणं गुणगुणत होते.

आता माझं वजन अठ्ठ्याण्णव होतं. त्या कपड्यांतला एकही मला होत नव्हता, आणि उसवायला आत काही नव्हतं.

वजन कसं वाढलं? एका दिवसात नाही वाढलं. ऑपरेशननंतर मला घट्ट काही खाल्लं की छातीत अडकायचं. अंडं अडकायचं, मासे अडकायचे, चार घासांत जीव नकोसा व्हायचा. एकदा कारखान्यात चहाबरोबर बिस्किट बुडवून खाल्लं. ते कसं अलगद गेलं! दुखलं नाही, अडकलं नाही. मग दुसरं गेलं. नंतर नंतर जेवण कमी आणि बुडवाबुडवी जास्त, असं होत गेलं. पाच किलो वाढले तेव्हा म्हटलं, होतं असं. दहा वाढले तेव्हा दवाखान्यातून फोन आला, तर मी बाहेरगावी आहे असं सांगितलं. मी बाहेरगावी नव्हते, मी कटिंगच्या टेबलाखाली वाकून फोनवर बोलत होते. त्यानंतर दोन वर्षं मी तिकडे फिरकले नाही. ज्या भिंतीवर आपण चौऱ्याहत्तरचे असतो, तिच्याखाली अठ्ठ्याण्णवचं होऊन कसं बसायचं?

संध्याकाळी घरी गेले तर वन्सं आल्या होत्या. वन्सं म्हणजे माझी थोरली नणंद. मनाची वाईट नाही, पण तोंडाला लगाम नाही. माझ्या पायाची पट्टी बघून त्यांनी काय झालं ते विचारलं, आणि मी सांगून बसले.

"म्हणजे साखर परत आली," वन्सं म्हणाल्या. "मी तेव्हाच म्हटलं होतं, पोट कापून कुणी बारीक होत नसतं. गेलं की नाही ऑपरेशन वाया?"

"वाया नाही गेलं."

"मग हे काय आहे?" त्यांनी माझ्याकडे वरपासून खालपर्यंत हात फिरवला, दुकानदाराने जागेवरूनच माल दाखवावा तसा. "एवढं करून परत तिथेच. उगाच जिवाला त्रास. जाऊ दे, आता या वयात काय करायचंय? नशीब म्हण आणि गप बस."

आमचे हे टपालखात्यात पत्रांची छाटणी करतात. दिवसभर पत्ते वाचून घरी आल्यावर ते फारसं बोलत नाहीत. ते उठले, चहा ठेवला, आणि माझ्यासमोर कप आणि बिस्किटांचा डबा आणून ठेवला. मी डब्याकडे बघितलं. मग वन्संकडे बघितलं. वन्सं डब्याकडे बघत होत्या आणि त्यांच्या ओठांच्या कोपऱ्यात हसू होतं.

मला इतका राग आला की सांगता सोय नाही. वन्संचा कमी, माझाच जास्त.

"वन्सं," मी म्हटलं, "गप बसायचं असतं तर मी एकशे एकतीसलाच बसले असते. उद्या मी दवाखान्यात जाणार आहे."

"आणि तिथे काय सांगणार?"

"जे आहे ते."

हे बोलायला सोपं होतं.

दवाखान्याच्या बाहेरच्या खोलीत मी शिरले तेव्हा भिंत तशीच होती. आठ-दहा जणांचे फोटो, प्रत्येकाचे दोन. माझा अगदी मधोमध, शेजारी माझ्याच वेळी ऑपरेशन झालेल्या एका बसड्रायव्हरचा. 'नंतर'मधली मी कमरेवर हात ठेवून हसत होते. टेबलाशी एक मुलगी होती, केस चापूनचोपून बसवलेली, बोलणं इतकं गोड की मी मनातल्या मनात तिचं नाव गोडबोली ठेवलं. मी नाव सांगितलं. तिने संगणकात बघितलं, मग भिंतीकडे, मग माझ्याकडे.

"अय्या, तुम्ही होय! किती दिवसांनी! असं करा ना, तुम्ही आतल्या खोलीत बसा. इथे फार उकडतंय."

इथे पंखा गरगरत होता आणि माझ्या हातातला कागद फडफडत होता.

"मला नाही उकडत," मी म्हटलं.

"तरीपण. आत निवांत वाटेल." तिने आवाज खाली आणला. "आज नवीन पेशंट आहेत ना पुष्कळ. त्यांना उगाच..."

"उगाच काय?"

"म्हणजे, त्यांचा धीर खचायला नको."

दोन वर्षं मी स्वतःला लपवत होते ते ठीक, तो माझा प्रश्न. पण दुसरं कुणी मला लपवायला निघालं की माझं डोकं फिरतं. मी गेले आणि बरोबर माझ्या फोटोखालच्या खुर्चीत बसले. पर्स मांडीवर घेतली. ज्याला बघायचंय त्याने बघावं, वर आणि खाली.

लोकांनी बघितलंच. पाच मिनिटांनी शेजारची बाई सरकून जवळ आली. तिशीची असेल, शाळेत शिकवते म्हणाली. पुढच्या आठवड्यात तिचं ऑपरेशन होतं.

"विचारू का? ती तुम्हीच?"

"मीच."

"मग..." तिने बोटाने फोटो दाखवला.

"चोवीस किलो परत वाढले," मी म्हटलं. मुद्दाम खणखणीत आवाजात म्हटलं. "ऑपरेशनने नाही वाढवले, मी वाढवले. चहात बिस्किटं बुडवून. आणि लाज वाटली म्हणून दोन वर्षं इथे आले नाही, ती चूक बिस्किटांपेक्षा मोठी. तुम्ही ऑपरेशन करा नाहीतर नका करू, पण वाढलं तर लगेच या. लपू नका."

गोडबोलीचा चेहरा कापडासारखा पांढरा पडला होता. मला आत बोलावणं जरा लवकरच आलं.

आत आधी डॉक्टरांनी पाय बघितला. इंजेक्शन दिलं. मग त्यांनी एक नायलॉनचा जाडसर दोरा घेतला आणि मला डोळे मिटायला सांगितले. दोरा तळव्याला टेकवायचा आणि लागला की मी 'हं' म्हणायचं. दोऱ्याशी माझा सगळा जन्म गेलाय, पण दोरा लागतोय की नाही हे ओळखायची परीक्षा मी पहिल्यांदाच देत होते. दहा जागांपैकी सहा जागी 'हं' म्हटलं. उरलेल्या चार जागी दोरा कधी टेकला ते मला कळलंच नाही. रक्त तपासलं तर साखर वाढलेली आणि बी-बारा जीवनसत्त्व तळाला गेलेलं. ऑपरेशननंतर त्याच्या गोळ्या जन्मभर घ्यायच्या असतात. मी त्या दवाखान्याबरोबरच सोडून दिल्या होत्या.

"नसा दोन्हींमुळे बधिर झाल्यात," डॉक्टर म्हणाले. "थोडं परत येईल. किती, ते आत्ता सांगता येत नाही. पण आणखी सहा महिने तुम्ही आला नसता तर मी एवढंही म्हणालो नसतो."

मग त्यांनी मला आहारतज्ज्ञ बाईंकडे पाठवलं. बाई कसली, माझ्या भाचीएवढी पोरगी. पण नजर मोठी चोख.

"दिवसातून किती वेळा बिस्किटं होतात?"

"चार."

"चार बिस्किटं?"

"चार वेळा."

"आणि एका वेळी किती?"

"ते पुड्याला विचार."

ती हसली नाही. मीही नाही. मग माझ्या तोंडून निघून गेलं, "ऑपरेशन वायाच गेलं ना? पोट परत मोठं झालं ना माझं? खरं सांग. मला सगळे तेच म्हणतात."

ती उठून बाहेर गेली आणि उपाहारगृहातून एका बशीत दोन उकडलेली अंडी घेऊन आली. वर मीठ. पाणी नाही.

"खा. छोटा घास, वीस वेळा चावायचा. घाई नाही. पाणी मागायचं नाही."

मी खायला लागले. दोन वर्षांत कुणासमोर मी इतकं सावकाश खाल्लं नव्हतं. ती समोर बसून घड्याळाकडे बघत होती. पहिलं अंडं संपायला बारा मिनिटं लागली. दुसऱ्याचे दोन घास गेले, तिसरा हातात घेतला, आणि मला उचकी लागली.

ती उचकी मी ओळखली. ऑपरेशननंतरच्या पहिल्या महिन्यांत पोट भरलं की मला हीच एक उचकी लागायची, आणि मी ताट बाजूला सारायचे. दोन वर्षांत ती एकदाही आली नव्हती. मला वाटलं होतं, ती मेली.

"थांबा," आहारवाली म्हणाली. "भूक आहे?"

मी पोटावर हात ठेवला. भूक नव्हती. अजिबात नव्हती.

"सव्वा अंडं," ती म्हणाली. "तुमचं पोट थोडं सैलावलं असेल, पण आपलं काम करतंय. तुम्ही त्याला काम देतच नव्हता. चहात भिजलेलं बिस्किट पोटात थांबतच नाही, सरळ खाली घसरतं. पुडा संपतो तरी पोटाला कळत नाही की काही आलं होतं."

मी रडले. तोंड झाकून वगैरे नाही, चांगली भोकाड पसरून रडले, हातात अंड्याचा तुकडा धरून. दोन वर्षं मी ज्या पोटाला शिव्या घालत होते ते बिचारं आपल्या जागेवर इमानाने बसून होतं, आणि मी त्याच्या शेजारून मालगाड्या सोडत होते. आहारवालीने मला रडू दिलं. मग एक कागद पुढे केला. आधी अंडं, मासे, डाळ असं घट्ट काहीतरी, बाकीचं नंतर. जेवताना पाणी नाही, जेवणानंतर अर्धा तास नाही. बिस्किट घरात नाही. बी-बाराची इंजेक्शनं, साखरेची गोळी, रोज चालणं, पण बूट घालून, आणि रोज संध्याकाळी तळवे आरशात बघायचे.

"आणि कितीवर यायचं?" मी विचारलं. "चौऱ्याहत्तर?"

"ते बघू. आधी सत्त्याण्णववर या."

घरी आल्यावर मी बिस्किटांचा डबा उचलला आणि ह्यांच्यासमोर आदळला. "हे तुम्ही का आणत होता? माझं वजन वाढतंय ते दिसत नव्हतं?"

ह्यांनी डबा उचलून बाजूला ठेवला. "दिसत होतं," ते म्हणाले. "पण तुला दुसरं काही पचतच नव्हतं गं. जेवून उठलीस की मोरीत जाऊन ओकायचीस. तेवढं एक बिस्किट तू हसत खायचीस. मला वाटलं, एवढं तरी खाऊ दे हिला."

भांडायच्या तयारीने आले होते, ते भांडण तिथेच संपलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी तो डबा टपालखात्यात नेला, रिकामा करून आणला आणि त्यात अंडी ठेवायला लागले. अंडी डब्यात ठेवायची नसतात, पण मी काही बोलले नाही.

सोपं गेलं म्हणाल तर खोटं आहे. कारखान्यात चहाच्या सुट्टीत मला हातांचं काय करावं ते कळेना. कप एका हातात, दुसरा हात मोकळा, सारखा पुड्याकडे जायचा. काजवालीने सांगितलं म्हणून मी त्या हातात खडू धरायला लागले. पहिल्या आठवड्यात वजन तीनशे ग्रॅमने वाढलं. वाढलं! मी काट्यावरून उतरले आणि तो काटा पलंगाखाली लाथेने ढकलला. मग आहारवालीला फोन करून तिला असं काही झापलं की दुसरी कुणी असती तर फोन ठेवला असता.

"उचकी येते का?" तिने विचारलं.

"येते."

"मग काट्याला काय विचारताय? उचकीला विचारा."

वन्सं एकदा येऊन गेल्या. माझ्या बशीतलं अंडं बघून म्हणाल्या, "आता हे नवीन खूळ किती दिवस?" मी म्हटलं, "तुम्ही याल तेवढे दिवस, वन्सं. तुम्हाला बघायला मिळावं म्हणूनच करतेय." त्या दिवशी त्या लवकर गेल्या.

कपड्यांचा प्रश्न मी एका रविवारी सोडवला. अठ्ठ्याण्णवच्या मापाचे दोन नवे जोड कापले. जुने कपडे होण्याची वाट बघत, ताणलेल्या शिवणीत श्वास धरून मी दोन वर्षं काढली होती, ते आता पुरे. आहे त्या अंगाला नीट बसणारं घालायचं. दोन्ही बाजूंना दोन-दोन बोटं माया ठेवली. आत घ्यायला आणि बाहेर काढायलाही.

सात आठवड्यांनी मी दवाखान्यात गेले. नव्या कपड्यांत, पायात बूट. बाहेरच्या खोलीत शिरले आणि थांबले. भिंतीवर मधोमध नुसता खिळा होता.

"माझा फोटो कुठे आहे?"

"अय्या, तो ना," गोडबोली म्हणाली, "फ्रेम दुरुस्तीला दिलीय."

"फ्रेमला काय झालं होतं?"

तिने संगणकात मान घातली, त्यावरून काय ते कळलं. मी त्या खिळ्याखाली बसले नाही. सरळ आत गेले.

आधी काटा. चौऱ्याण्णव किलो दोनशे. मग साखर, जरा खाली आलेली. मग डॉक्टरांनी दोरा घेतला आणि मी डोळे मिटले. हं. हं. हं. डोळे मिटूनच मी मोजत होते. आठ झाले. अंगठ्याखाली, टाचणी गेली होती तिथे, दोरा लागल्यासारखा वाटला, आणि मग नक्की लागला. मी इतक्या जोरात 'हं' केलं की आहारवाली शेजारच्या खोलीतून धावत आली. नऊ. दहावी जागा मुकीच राहिली.

"छान," डॉक्टर म्हणाले, आणि खरंच खूश दिसत होते.

"छान आहे तर माझा फोटो का काढला?"

डॉक्टर मूळचे बरे गृहस्थ आहेत. त्यांनी फ्रेमची गोष्ट सांगितली नाही. चष्मा काढून पुसत म्हणाले, "तुम्ही मागच्या वेळी बाहेर बोललात, त्या दिवशी त्या शिक्षिकेने ऑपरेशन पुढे ढकललं. लोक घाबरतात हो. त्यांना उमेद वाटावी म्हणून ती भिंत आहे."

"त्यांनी ढकललं, आणि मग केलं," आहारवाली मध्येच म्हणाली. "परवाच टाके तपासायला आल्या होत्या. या मास्तर कोणत्या दिवशी येतात ते विचारत होत्या. मला त्याच दिवशीची तारीख द्या म्हणाल्या."

मी ती संधी सोडली नाही.

"डॉक्टर, तुमच्या भिंतीवर दोनच चौकटी आहेत. आधी आणि नंतर. नंतरच्या नंतर काय होतं, त्याला तिथे जागाच नाही. मग ज्याचं वाढतं तो कुठे जाणार? तो घरी बसतो आणि तुमचा फोन आला की बाहेरगावी असतो. माझ्या शेजारच्या फोटोतले ते बसड्रायव्हर, ते येतात का हल्ली?"

डॉक्टरांनी आहारवालीकडे बघितलं. तिने मान हलवली. नाही.

"बघा. मला भिंतीवरून उतरवायचं असेल तर खुशाल उतरवा. पण लावायचं असेल तर तीन लावा. एकशे एकतीस, चौऱ्याहत्तर आणि आजचा."

"थोडं थांबू या का? आणखी दहा किलो उतरले की काढू."

"नाही. आजच. दहा उतरायचे असतील तर उतरतील, नाहीतर नाही उतरणार. पण मी आजही आले आहे, हे दिसलं पाहिजे."

डॉक्टरांनी चष्मा परत घातला. मग म्हणाले, "आजच काढा."

फोटो आहारवालीने काढला, तिथेच मोकळ्या भिंतीला पाठ लावून. गोडबोली दारात येऊन उभी होती. तिला राहवेना. "थोडं तिरकं उभ्या राहा ना," ती म्हणाली, "बारीक दिसाल." यात तिची काही लबाडी नव्हती, खरंच मदत करायची होती तिला. मी तिरकी झाले नाही. दोन्ही पाय जमिनीवर नीट टेकवून समोर तोंड करून उभी राहिले, डोळे उघडे ठेवून.

"आणि याच्याखाली काय लिहायचं?" गोडबोलीने विचारलं. ती लिहून घ्यायला कागद घेऊनच आली होती. "आधी, नंतर, आणि...?"

"लिही, काम चालू आहे."

तिने लिहिलं. मग जरा विचार करून म्हणाली, "पाटी लहान असते. 'चालू' एवढंच लिहिलं तर चालेल का?"

"खबरदार," मी म्हटलं. "पूर्ण लिही. नुसतं चालू लिहिलंस आणि माझ्या नणंदेने वाचलं, तर ती म्हणेल हे मला लग्नाच्या दिवसापासून माहीत आहे."